पोटात मॉप राहिला. योजनेतून फुकट झालेल्या ऑपरेशनची तक्रार कुठं करायची?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. मावशीसाठी सल्ला पाहिजे.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मावशीच्या आतड्याला पीळ पडला म्हणून रातोरात ऑपरेशन करावं लागलं. खासगी हॉस्पिटल, पण महात्मा फुले योजनेत असल्यामुळे बिल शून्य. त्यानंतर तिचं पोट कधी शांत झालंच नाही. ताप यायचा, उजव्या बाजूला हाताला गोळा लागायचा, जेवण जात नव्हतं. त्याच हॉस्पिटलात दाखवलं की 'आतले टाके भरायला वेळ लागतो' म्हणायचे आणि गॅसच्या गोळ्या द्यायचे. होळीनंतर नागपूरला नेलं, सीटी स्कॅन झाला, दुसरं ऑपरेशन झालं. पहिल्या वेळचा मॉप (रक्त टिपायचा कपडा) आत राहिला होता, आतडं त्याला चिकटलं होतं. मावशी वाचली. पण निंदणं, वेचणी, डोक्यावर पाणी आणणं सगळं बंद. तिच्या मजुरीवरच घर चालत होतं.

पहिल्या हॉस्पिटलला कागद मागितले तर म्हणतात, फाईल योजनेच्या कामासाठी मुंबईला गेली. मध्ये एक ओळखीचा माणूस घरी येऊन गेला, काही रक्कम घ्या आणि स्टॅम्प पेपरवर सही करा म्हणाला. गावातले वडीलधारे म्हणतात, 'फुकटात ऑपरेशन झालं, जीव वाचला, अन् वरून तक्रार करता?' पोरं म्हणतात, चला, हॉस्पिटलच्या काचा फोडू. मला यातलं काहीच पटत नाही. फुकट उपचार घेतलेल्या माणसाला तक्रारीचा हक्क असतो की नाही, एवढं आधी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
भौ, पोट्ट्यायले आधी आवरा. काचा फुटल्या का केस तुमच्यावरच होते. मंग मावशीची गोष्ट बाजूले राह्यते अन् सारं गाव जमानतीच्या मागं फिरते. अन् त्या स्टॅम्प पेपरवर अंगठा देऊ नका बाप्पा. वकिलाले दाखवल्याबिगर बिलकुल नाही.

अंबानगरी_वकील
अमरावतीला ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करतो. जरा सविस्तर लिहितो.

पैनगंगाकाठ, हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात हे ठरवून टाकलं आहे. जिथं सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं तो दवाखाना ग्राहक कायद्याच्या बाहेर. पण जिथं काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर फुकट उपचार करतात, तिथला फुकट पेशंटसुद्धा ग्राहकच. शिवाय पेशंटच्या वतीनं विमा कंपनीनं किंवा मालकानं पैसे भरले असतील तरी ती पैसे देऊन घेतलेली सेवा धरतात. तुमच्या हॉस्पिटलला योजनेतून पॅकेजचे पैसे मिळाले. मावशीच्या खिशातून गेले नाहीत इतकंच. त्यामुळे 'फुकटात केलं' हा बचाव टिकणारा नाही, आणि गावातल्या मोठ्यांनाही हे शांतपणे समजावून सांगा.

आता कागद. सगळी लढाई इथंच जिंकतात किंवा हरतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या नातेवाइकानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि आंतररुग्णांचे कागद ३ वर्षं जपून ठेवावे लागतात. तोंडी मागू नका. मावशीच्या सहीनं किंवा अंगठ्यानं अर्ज करा, एक प्रत हॉस्पिटलात देऊन दुसरीवर शिक्का-सही घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. अर्जात 'फाईल द्या' असं मोघम लिहू नका. ऑपरेशन नोट, भुलीची नोंद, नर्सेसच्या नोंदी, मॉप-इन्स्ट्रुमेंट मोजणीचा कागद, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड, असं एकेक नाव घालून मागा.

'फाईल मुंबईला गेली' हे ऐकून घेऊ नका. योजनेत क्लेम मंजूर व्हायला ऑपरेशन नोट आणि डिस्चार्जचे कागद पोर्टलवर चढवावे लागतात. हॉस्पिटलात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो त्याला भेटा, योजनेच्या हेल्पलाईनवर, १५५३८८ ला, फोन करून तक्रार क्रमांक घ्या.

मोहफुल
वकील साहेब, योजनेचा पैसा म्हणजे शेवटी आपल्याच कराचा पैसा. काडेपेटी घेतो त्यावरही आपण कर भरतो. मग 'फुकट' हा शब्द कोणी काढलाच कसा?

अंबानगरी_वकील
@मोहफुल, भावना बरोबर आहे, पण आयोगासमोर हा मुद्दा चालत नाही. कर भरणं म्हणजे त्या सेवेचा मोबदला देणं नव्हे, असं शांता निकालातच म्हटलं आहे. योजनेतून खासगी हॉस्पिटलात गेलेला पेशंट वेगळ्या वाटेनं ग्राहक ठरतो, त्याच्या उपचाराचे पैसे हॉस्पिटलला मिळालेले असतात.

तालुका_सर्जन
मी सर्जन आहे, विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी. मावशींना जे भोगावं लागलं ते वाचून वाईट वाटलं. त्या हॉस्पिटलची बाजू मी ऐकलेली नाही, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण मॉप आत राहतो कसा आणि राहू नये म्हणून काय करतात, हे लोकांना कळायला हवं.

मॉप म्हणजे हातरुमालाएवढा जाड सुती तुकडा, त्याच्या कोपऱ्याला नाडी असते. पोट उघडलं की रक्त टिपायला, आतडी बाजूला धरायला तो वापरतात. रक्तानं भिजला की आतड्यांच्या मधे तो वेगळा ओळखू येत नाही, पाच मिनिटांपूर्वी आपणच ठेवलेला असला तरी. म्हणून मोजणी. ऑपरेशन सुरू होण्याआधी सिस्टर मोठ्यानं मोजते, दुसरी फळ्यावर लिहिते. पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजणी, कातडी शिवायच्या आधी पुन्हा. वापरलेला मॉप बादलीत फेकायचा नाही, ओळीनं टांगून ठेवायचा. आकडा जुळला नाही तर पोट बंद करायचं नाही, टेबलावरच एक्स-रे काढायचा. त्यासाठी चांगल्या मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा विणलेला असतो. तो नसलेले मॉप स्वस्त पडतात, आणि लहान गावांत तेच चालतात.

२००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर एक गाजलेला अभ्यास आला. तातडीच्या ऑपरेशनमध्ये वस्तू आत राहण्याचा धोका जवळजवळ ९ पट निघाला, आणि ऑपरेशन चालू असताना बेत बदलावा लागला तर ४ पट. रात्री दोन वाजता आतड्याला पीळ, म्हणजे हे दोन्ही धोके एकत्र. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आणली, त्यात मोजणी झाल्याचं पेशंट टेबलावर असतानाच तोंडानं सांगायचं असतं. दिल्लीसह ८ शहरांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. एका कागदाला खर्च किती येतो?

आमच्याकडे अडचण माणसांची आहे. रात्री थिएटरमध्ये एकच प्रशिक्षित सिस्टर असते, तीच सामान देते, तीच मोजते, तीच भुलीच्या डॉक्टरला हात देते. दुसरी बहुधा कामावर शिकलेली मुलगी असते.

तुरीच्या_शेंगा
डॉक्टर साहेब, तुमचं सगळं पटलं, शेवटचं सोडून. स्टाफ कमी आहे हे ऑपरेशनच्या आधी पेशंटला कोणी सांगतं का? योजनेत नाव नोंदवताना हॉस्पिटल म्हणतं, आमच्याकडे सगळी सोय आहे. चुकलं की म्हणतं, आमच्याकडे माणसं नाहीत. यातलं एकच काहीतरी खरं असणार.

तालुका_सर्जन
@तुरीच्या_शेंगा, तुमचं म्हणणं मान्य आहे. कारण सांगणं वेगळं आणि जबाबदारी टाळणं वेगळं. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल खटल्यात नर्सनं भलतंच इंजेक्शन दिल्यामुळे लहान मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयानं जबाबदारी हॉस्पिटलवरच टाकली. अप्रशिक्षित हातात काम देणं हीच हॉस्पिटलची चूक. सर्जननंही सिस्टरकडे बोट दाखवून सुटू नये. मला वाटतं ते एवढंच की मावशीला भरपाई मिळावी आणि त्याच वेळी त्या थिएटरमध्ये फळा लागावा. भरपाई देऊन फळा लागलाच नाही तर पुढची मावशी ठरलेली आहे.

वऱ्हाडी_ठेचा
हे 'फळा लागावा' वालं लय भारी बोलले डॉक्टर साहेब. आमच्या शाळेत फळा होता, मास्तर नव्हते. इथं उलटं हाय. 🙂

धानपट्टा
पोलिसांत का जात नाही कोणी? सरळ गुन्हा दाखल करा.

अंबानगरी_वकील
@धानपट्टा, जाता येतं, पण तो रस्ता अरुंद आहे. जेकब मॅथ्यू निकालानं (२००५) ठरवलं की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो ढोबळ, अक्षम्य असावा लागतो. त्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचा अभिप्राय लागतो, आणि लगेच अटक करायची नाही. निष्काळजीपणानं पेशंट गेला तर आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. नोंदणीकृत डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा, इतरांना ५ वर्षांपर्यंत. मावशीला उरलेलं आयुष्य जगायला पैसे हवेत. ते ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात मिळतात. डॉक्टरच्या परवान्याबद्दल तक्रार करायची तर महाराष्ट्र वैद्यक परिषद, पण तिथं भरपाई मिळत नाही.

आपल्याच राज्यातलं एक प्रकरण सांगतो. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनमध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, त्यात ती गेली. निकाल लागला १९९६ ला. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोटात टॉवेल सापडला यातच निष्काळजीपणा दिसतो, नेमकी चूक कोणाच्या हातून झाली हे सिद्ध करायचं ओझं घरच्यांवर नाही, राज्य सरकार जबाबदार. अशा केसमध्ये तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला आणायचीही सक्ती नाही, हे २०१० च्या व्ही. किशन राव निकालानं पुन्हा सांगितलं. आपल्याकडे डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलायला तयार होत नाही, म्हणून हे फार महत्त्वाचं आहे.

मुदत मात्र पाळा. २ वर्षं. मोजणी साधारणपणे चूक उघडकीला आल्यापासून धरतात, पण त्यावर विसंबून बसू नका. मुंबईतल्या एका केसमध्ये १९९३ ला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, २००२ ला स्कॅनमध्ये आतली वस्तू दिसली, तक्रार २००४ ला केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१० ला ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत होतं, बाई स्वतः नर्स होती, मग तपासलं का नाही, हा प्रश्न न्यायालयानं विचारला. तुमच्या बाबतीत पहिल्या ऑपरेशनपासून मोजलं तरी मुदत आहे. ती संपू देऊ नका.

तुरीच्या_शेंगा
३३ वर्षं. टॉवेल आत राहिला तेव्हा जन्मलेलं बाळ निकाल लागेपर्यंत ३३ वर्षांचं झालं असणार. अजून काय बोलायचं?

पर्लकोटा
गडचिरोलीहून. धागा खासगी हॉस्पिटलबद्दल आहे, पण मला जरा वेगळ्या रस्त्यानं जाऊ द्या, कारण आमच्याकडे खासगी हॉस्पिटल हा प्रश्नच नाही. भामरागड भागात जे आहे ते सरकारी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुका तुटतो.

वकील साहेबांनी सांगितलं की सगळ्यांना फुकट असलेला दवाखाना ग्राहक कायद्याबाहेर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा मोफत झाला. निर्णय चांगलाच आहे, गरिबाला दहा रुपयेही जड असतात. पण परिणाम बघा. ज्याच्याकडे पैसा आहे तो खासगीत जातो आणि त्याच्यामागे ग्राहक आयोग उभा असतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो सरकारीत जातो आणि त्याच्यासाठी तो दरवाजा बंद. भरपाईसाठी त्याला दिवाणी दावा नाहीतर नागपूरला उच्च न्यायालय. एटापल्लीचा माणूस नागपूरला जाऊन रिट लावणार आहे का?

आमच्याकडे एका माणसाला रात्री झोपेत साप चावला. नातेवाइकांनी त्याला खाटेवर घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणलं, तिथून गाडी. ज्या केंद्रात पोचला तिथून त्याला पुढं पाठवलं, चिठ्ठीवर एकच शब्द: 'रेफर'. कोणतं इंजेक्शन दिलं, किती दिलं, रक्त गोठतंय का बघितलं, काहीच नाही. पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. घोणस-फुरश्याचं विष ओळखायची चाचणी किती साधी आहे! कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ते झालं आणि चिठ्ठीवर वेळ टाकून लिहिलं असतं तरी त्या माणसाचा वेळ वाचला असता. तो वाचला, पण पाय गेला. कोणाकडे तक्रार करायची ते त्याला आजही माहीत नाही.

अंबानगरी_वकील
@पर्लकोटा, तुमचा मुद्दा कायद्यातलं खरं भोक दाखवणारा आहे. तरी वाट पूर्ण बंद नाही. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला, सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक खाट नाही म्हणून परत पाठवला. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. भरपाई २५ हजार. नागपूर खंडपीठात पत्रावरूनही याचिका दाखल करून घेतल्याची उदाहरणं आहेत. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमाती आणि सर्व स्त्रिया यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. पैनगंगाकाठ, मावशी स्त्री आहे, तिलाही लागू.

भंडाऱ्याची_लेक
@पर्लकोटा, तुमचं वाचून ९ जानेवारी २०२१ ची रात्र आठवली. आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. आयांचा उपचार फुकटच होता. प्रत्येक घरी ५ लाख आले, मंत्री येऊन गेले. आई म्हणून मला एकच विचारायचं आहे. तुमच्या-माझ्या तालुक्याच्या दवाखान्यातलं आग विझवायचं यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे बघायचा अधिकार कोणाला आहे? तो मला द्या. मी दर महिन्याला जाऊन बघीन.

लोकसुनावणी
@भंडाऱ्याची_लेक, ताई, अधिकार मागता येतो. मी मेळघाटच्या बाजूला काम करतो. २००७ पासून राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात अमरावती जिल्हा पहिल्यापासून होता. गावातली माणसं दवाखान्यात जाऊन औषधसाठा, गाडी, खोल्या बघतात, मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर मांडतात. डॉक्टरांना शिव्या द्यायला नाही. पुष्कळदा वैद्यकीय अधिकारीच म्हणतात, बरं झालं तुम्ही बोललात, आमचं वर कोणी ऐकत नव्हतं. रुग्ण कल्याण समितीचे सदस्य कोण, निधी कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आशा_गावची
मी आशा कार्यकर्ती आहे, चंद्रपूर जिल्हा. सर्व ताई-दादांना नमस्कार. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

बाळंतपणात बाई गेली तर त्या मृत्यूचं अन्वेषण होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत घरच्यांनाही बोलवायची तरतूद आहे, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली, कोणत्या दवाखान्यानं परत पाठवलं, हे त्यांनीच सांगायचं असतं. मी आता माझ्या गावात वेळा लिहून ठेवते. १०८ ला फोन केला की लगेच वहीत वेळ लिहायची. पुढं कोणी काही म्हटलं तरी वही बोलते.

दुसरं, संमतीचा कागद. आमच्या बायका अंगठा देतात तेव्हा कागद कोरा असतो, नाहीतर इंग्रजीत. आणि सही घेतात नवऱ्याची. बाई शुद्धीवर असताना तिला का विचारत नाहीत?

अंबानगरी_वकील
@आशा_गावची, ताई, तुमची वही न्यायालयात पुरावा ठरू शकते, जपून ठेवा. संमतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली निकाल आहे. तपासणीसाठी भूल दिलेली बाई टेबलावर असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी काढली. न्यायालय म्हणालं, सज्ञान बाईची संमती आई देऊ शकत नाही. जीव जात नसेल तर थांबायचं, ती शुद्धीवर आल्यावर तिला विचारायचं.

मोहफुल
बोगस डॉक्टरांचं कोणी बोलतच नाही. आमच्या आठवडी बाजाराच्या गावी एकजण सगळ्यांना एकच सलाईन लावतो. ताप असो की पाय मोडलेला असो.

वऱ्हाडी_ठेचा
पाय मोडलेल्याले सलाईन लावलं त निदान तो पळून त जाऊ शकत नाही! 😀 पण खरं सांगतो मोहफुल, तालुका आरोग्य अधिकाऱ्याले लेखी द्या, प्रत ग्रामपंचायतीले. तोंडी सांगतलं का त्याले आधीच खबर लागते.

तालुका_सर्जन
पूनम वर्मा खटल्यात (१९९६) होमिओपॅथनं शिकलेलं नसताना ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला. न्यायालयानं त्यालाच निष्काळजीपणा म्हटलं. पदवीच नसलेल्यांचं तर विचारूच नका.

आता जरा आमचं दुखणं. प्रत्येक वाईट निकाल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. आतड्याला पीळ पडलेला पेशंट उशिरा आला तर उत्तम सर्जनच्या हातूनही जातो. पण हॉस्पिटलसमोर गर्दी जमली की पुढच्या वेळी डॉक्टर पेशंटला हात न लावता नागपूरला पाठवतो. पर्लकोटा यांनी लिहिलेला 'रेफर' त्या भीतीतूनही येतो. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात हल्ल्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई आहे. कायदा आहे, भीती मात्र गेली नाही. पैनगंगाकाठ, तुम्ही पोरांना थांबवलं, त्याबद्दल एक डॉक्टर म्हणून तुमचे आभार मानतो.

जुना_पाटील
माझं मत कोणाला आवडणार नाही. मिटवून घ्यावं. मी कोर्टाच्या पायऱ्या आयुष्यभर बघितल्या. कायद्यात ३ ते ५ महिन्यांत निकाल द्या लिहिलंय, प्रत्यक्षात वर्षं जातात. मावशीला आज औषध लागतं, आज पीठ लागतं. मोठ्या रकमेचा कागद घेऊन दहा वर्षांनी काय करायचं?

तुरीच्या_शेंगा
पाटील काका, तुमचा आदर ठेवून बोलतो. मिटवणं वेगळं आणि तोंड बंद करणं वेगळं. घरी माणूस पाठवतात आणि कागद देत नाहीत, यातच त्यांना किती भीती आहे ते दिसतं.

अंबानगरी_वकील
काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रोज बघतो. पण तडजोडच करायची तर आयोगात करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात मध्यस्थी कक्ष आहे. तिथं झालेल्या तडजोडीवर आयोगाचा आदेश होतो, पैसे दिले नाहीत तर वसुली होते. घरात झालेल्या स्टॅम्प पेपरवर बहुधा 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' एवढंच असतं. आणि आकडा ठरवताना दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढची औषधं, सोसलेला त्रास, सगळं मांडा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, यवतमाळला. उपचारासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

जुना_पाटील
हे मला माहीत नव्हतं. आयोगात मिटत असेल तर ठीक आहे. तेच करा.

पैनगंगाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उशिरा लिहितोय कारण अर्ज, पोस्ट, यवतमाळ यात गुंतलो होतो.

हॉस्पिटलनं अर्ज घेतला नाही, म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवला, प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना दिली, कारण हॉस्पिटलची नोंदणी त्यांच्याच कार्यालयात आहे. हेल्पलाईनवर तक्रार क्रमांक घेतला. त्यानंतर आरोग्यमित्राचा स्वतःहून फोन आला आणि कागद मिळाले. मुंबईला काहीच गेलं नव्हतं. ऑपरेशन नोट आहे, भुलीचा कागद आहे. मोजणीचा छापील तक्ता आहे, त्यावर सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा रकाना रिकामा. खाली सही आहे. डॉक्टर साहेब, याचा अर्थ तुम्हीच सांगा.

मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'माह्या पोटात काय राह्यलं ते त्यायनं लिवलंच नाही काय?' आणि म्हणाली, केस कर, पण त्या सिस्टरची नोकरी जाऊ देऊ नको, ती पोरगी माझ्या उशाशी बसत होती.

तालुका_सर्जन
रिकामा रकाना म्हणजे पोट शिवण्याआधीची मोजणी एकतर झाली नाही किंवा लिहिली नाही. कागदावरून यापेक्षा जास्त सांगणं बरोबर नाही. तो कागद कोणाच्या हातात मूळ स्वरूपात देऊ नका. नागपूरच्या ऑपरेशन नोटमध्ये मॉप सापडल्याचं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. काढलेल्या वस्तूचा फोटो किंवा पॅथॉलॉजी रिपोर्ट असेल तर तोही घ्या. आणि मावशींचं म्हणणं तक्रारीत जरूर लिहा. पैशांबरोबरच त्या थिएटरमध्ये मोजणीची पद्धत सुरू करायला लावा, असं मागता येईल ना, वकील साहेब?

अंबानगरी_वकील
मागता येतं. सेवेतली त्रुटी दूर करा असा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. विरुद्ध पक्ष म्हणून हॉस्पिटल आणि सर्जन घ्या, सिस्टरला पक्षकार करायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला का?

पैनगंगाकाठ
केला. आधारवर मावशीचं नाव माहेरचं आहे आणि हॉस्पिटलच्या कागदावर सासरचं. तिथले कर्मचारी म्हणाले, आधी हे जुळवा.

आशा_गावची
दादा, हे आमच्याकडे रोजचं आहे. तहसीलमध्ये दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करा, सोबत राशन कार्ड आणि लग्नाची नोंद असेल तर ती लावा. सकाळी लवकर जा, सोमवारी नको, गर्दी असते.

जुना_पाटील
पैनगंगाकाठ, मी वणीला असतो. यवतमाळच्या तारखेला एकटे जाऊ नका. फोन व्यक्तिगत निरोपात टाकतो, गाडी आहे.